चांगला नवरा मिळाला, मग प्रश्न संपला?

कोरियन मालिकांचा विषय निघाला की आपल्या गटांमध्ये दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. तरुण मैत्रिणी म्हणतात, ‘तिथल्या बायका बघा किती ठाम असतात! आणि पुरुष चक्क रडतात, भांडी घासतात.’ चळवळीत केस पांढरे झालेल्या आमच्या पिढीतल्या काहीजणी म्हणतात, ‘काय मेलं त्यात! श्रीमंत पोरगा, गरीब पोरगी, गुळगुळीत चेहरे. वेळ घालवायचा धंदा नुसता.’ मी दोन्ही प्रकारच्या बैठकांत बसते आणि या मालिकाही आवडीनं बघते. मला दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. पहिलीत भाबडेपणा आहे, दुसरीत न बघताच निकाल दिलेला आहे. प्रसारमाध्यमांतल्या स्त्रीप्रतिमांवर आपण इतकी वर्षं बोलत आलो, तर निदान नीट बघून बोलावं, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मला पडलेला प्रश्न असा : एखादी मालिका ‘वास्तववादी’ आहे असं आपण कधी म्हणायचं? बाई सोसताना दाखवली म्हणजे वास्तव दाखवलं, असा एक समज आपल्याकडे रुजलेला आहे. रडणाऱ्या बायका तर सगळ्याच मालिकांत असतात. माझ्या मते, बाईच्या दुःखाचं कारण मालिका कुठे दाखवते, यावर तिचा वास्तववाद ठरतो. कारण एखाद्या दुष्ट सासूत आहे, की कायद्यात, पगारात, घराच्या मालकीत आणि जेवणाच्या पंगतीत आहे? या कसोटीवर काही कोरियन मालिका खूप पुढे जातात, आणि शेवटच्या काही भागांत पुन्हा मागे येतात. दोन्ही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

सुरुवात जुन्या मालिकेपासून करते. १९९२-९३ मध्ये एमबीसी वाहिनीवर ‘मुलगा आणि मुलगी’ अशा अर्थाच्या नावाची मालिका गाजली. जुळी भावंडं. मुलाचं नाव ‘ग्वी-नाम’, म्हणजे मोलाचा मुलगा. मुलीचं नाव ‘हू-नाम’, म्हणजे ‘हिच्या मागून मुलगा’. बारशालाच तिला सांगितलेलं असतं की तू स्वतःसाठी जन्मलेली नाहीस. हे नाव ऐकून आपल्याला साताऱ्याच्या ‘नकोशी’ आठवल्याशिवाय राहत नाहीत. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली. इतक्या दूरच्या दोन समाजांना एकच युक्ती सुचावी, हा योगायोग नव्हे. वंश, वारसा आणि पितरांचे विधी मुलाकडे असले की मुलीच्या नावाचं असंच होतं.

ही मालिका आली तेव्हा तिथली परिस्थिती काय होती? १९९० मध्ये दक्षिण कोरियात दर १०० मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्माला येत होते. गर्भाचं लिंग सांगण्यावर १९८७ मध्येच बंदी आली होती. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९८८ चा. म्हणजे हू-नामची गोष्ट ही कुणा एका कठोर आईची गोष्ट नव्हती. ती त्या काळातल्या दवाखान्यांचीही गोष्ट होती. पुढे २००७ च्या सुमारास तिथलं जन्माचं गुणोत्तर नैसर्गिक पातळीवर आलं. याचं श्रेय कुणी मालिकेला देणार नाही. मुलींचं शिक्षण, शहरीकरण, नोकऱ्या आणि कौटुंबिक कायद्यातले बदल ही त्यामागची कारणं. पण ज्या घरांत हा विषय उच्चारला जात नव्हता, त्या घरांत तो संध्याकाळी टीव्हीसमोर उच्चारला गेला, याचं मोल आहेच.

कायद्याचा उल्लेख आला म्हणून ‘होजू’ पद्धतीबद्दल सांगायला हवं. होजू म्हणजे कुटुंबप्रमुख. प्रत्येक माणसाची नोंद एका कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली व्हायची आणि तो मान पुरुषाचा. बाप गेला की आईला डावलून तो मान लहान मुलाकडे जायचा. घटस्फोटित आईनं मुलं वाढवली तरी कागदावर ती बापाच्या कुटुंबात. कोरियन स्त्री संघटना याविरुद्ध अनेक दशकं लढल्या. २००५ मध्ये घटनात्मक न्यायालयानं ही पद्धत घटनेशी विसंगत ठरवली, त्याच वर्षी संसदेनं कायदा बदलला आणि १ जानेवारी २००८ पासून होजू इतिहासजमा झाली.

नेमक्या त्याच वर्षी, २००८ मध्ये, केबीएस वाहिनीवर ज्येष्ठ लेखिका किम सू-ह्यन यांची एक मालिका आली. नावाचा मथितार्थ ‘आईचं डोकं फिरलंय’ असा. साठीच्या आसपासची आई, चाळीस वर्षं सासरे, नवरा आणि मुलांचं करून थकलेली. एके दिवशी ती जाहीर करते की मला या घरातून एक वर्षाची रजा हवी आहे. भाड्याची लहानशी खोली घेते, तिथे एकटी राहते, वाचते, मनात आलं तर झोपून राहते. या रजेवरून तिथे घरोघरी वाद झाले. ‘आई कधी रजा घेते का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांत बायकाही होत्या.

मला ही मालिका फार महत्त्वाची वाटते, ती ‘रजा’ या शब्दामुळे. रजा नोकरीतून मिळते. आईनं रजा मागितली त्या क्षणी घरकाम हे ‘काम’ ठरलं. आपण शिबिरांमधून फळ्यावर बाईच्या चोवीस तासांचा तक्ता काढून जे पटवत आलो, ते त्या एका शब्दानं केलं. पण रजेला परतीची तारीखही असते. ती आई शेवटी परततेच, आणि घर तेच असतं. कायद्यातला कुटुंबप्रमुख गेला. चुलीपुढची बाई मात्र तिथेच राहिली. हे वास्तव लेखिकेला टाळता आलं नाही, की टाळायचं नव्हतं, यावर चर्चा होऊ शकेल.

कोरियन मालिकांचा खरा जोर मला स्वयंपाकघरात आणि पंगतीत दिसतो. २०१५-१६ मधली ‘रिप्लाय १९८८’ ही मालिका अनेकींनी पाहिली असेल. तिच्यातली मधली मुलगी दक-सन पहिल्याच भागात फुटून रडते. कारण काय, तर अंडं. घरात अंडी कमी असली की मोठ्या बहिणीला मिळतात, धाकट्या भावाला मिळतात, हिला मिळत नाहीत. कोंबडीची तंगडीही तशीच. आहारातल्या भेदभावावर अहवाल लिहिताना आपल्याला पानं खर्चावी लागतात. इथे ते एका अंड्यावरून कळतं. मात्र हीच मालिका पुढे गल्लीतल्या आयांच्या कष्टांवर आठवणींची साय पसरते. संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या भाजीच्या वाट्या फार गोड वाटतात. त्या वाट्या भरणाऱ्या बाईचे पाय किती दुखत होते, हे गोडव्यात विसरायला होतं. स्मरणरंजन आणि वास्तववाद एकाच ताटात वाढले की आपण सावध राहायला हवं.

२०१७ मधली ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’ हिशेबाला पक्की आहे. सोल शहरात घर परवडत नाही म्हणून एक लेखिका आणि एक घरमालक करार करून लग्न करतात. तिला भाड्याची खोली हवी, त्याला कर्जाचे हप्ते भरायला भाडेकरू हवा. लग्न हा आर्थिक व्यवहार असतो हे आपण म्हणतो, तेव्हा लोक चिडतात. ही मालिका ते हसत-खेळत सांगते. पण ‘सून’ झाल्यावर तिला सासरच्या पितरांच्या विधीसाठी राबावं लागतं, आणि हे काम करारात कुठेच नसतं. मग तिच्या माहेरी किमची घालायचे दिवस येतात तेव्हा हा जावई परतफेड म्हणून तिथे जाऊन कोबीचे ढीग उपसतो. कंबरडं मोडल्यावर त्याला कळतं की सणाचं काम म्हणजे काय. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाला किंवा वर्षाच्या साठवणाला जावयानं सासरी जाऊन असं राबल्याचं किती घरांत दिसेल?

नोकरीच्या जागेचं चित्रणही पाहण्यासारखं आहे. २०१४ मधली ‘मिसेंग’ ही व्यापारी कंपनीतल्या कारकुनी जगण्याची मालिका. तिच्यात आन यंग-ई ही सर्वांत हुशार उमेदवार, आणि तिच्याच विभागातले पुरुष तिला किरकोळ कामांत गुंतवून खच्ची करतात. तिथेच सन जी-यंग ही अनुभवी अधिकारी आहे. रोज सकाळी तिचा आणि नवऱ्याचा एकाच मुद्द्यावर वाद : आज पाळणाघरातून मुलीला कोण आणणार? तिच्या हुद्द्यानं हा प्रश्न सुटत नाही. विकसित देशांच्या ‘ओईसीडी’ या गटात स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत सर्वांत जास्त आहे ती दक्षिण कोरियात, सुमारे ३० टक्के, आणि १९९६ मध्ये तो देश या गटात आल्यापासून हा क्रमांक त्याच्याकडेच राहिलेला आहे. पाळणाघराचा तो रोजचा वाद आणि हा आकडा एकमेकांना जोडलेले आहेत. मूल झाल्यावर नोकरी सोडणारी बाई परत येते ती कमी पगारावर.

‘एक्स्ट्रॉऑर्डिनरी अॅटर्नी वू’ ही २०२२ मधली मालिका स्वमग्न असलेल्या तरुण वकील मुलीची म्हणून जगभर गाजली. तिच्या बाराव्या भागाकडे मला लक्ष वेधायचं आहे. एका विमा कंपनीत कर्मचारी कपात होते. नवरा-बायको दोघंही तिथेच नोकरीला असतील तर एकानं ‘स्वखुशीनं’ राजीनामा द्यावा, नाहीतर नवऱ्याला बिनपगारी घरी बसवू, असं सांगितलं जातं. राजीनामे अर्थातच बायकांचे येतात. दोघीजणी कोर्टात जातात. आपली लाडकी नायिका मात्र कंपनीच्या बाजूची वकील आहे! आणि कोर्टात कंपनी जिंकते. हा प्रसंग हवेतून आलेला नाही. आशियाई आर्थिक संकटानंतर, १९९९ मध्ये, तिथल्या कृषी सहकारी महासंघात असंच घडलं होतं. बायका कोर्टात गेल्या आणि हरल्या. लेखिका मून जी-वन यांना पडद्यावर तरी बायकांना जिंकवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. हरलेल्या बायका आणि त्यांची वकील नंतर एकत्र जमतात, खातात-पितात, हसतात. कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्यातल्या कुणालाही हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. निकाल विरुद्ध गेला तरी दावा लावल्यामुळे काही बदलतं, हे आपण अनुभवातून जाणतो. याला मी वास्तववाद म्हणते.

म्हाताऱ्या बायकांबद्दलही दोन शब्द. नो ही-ग्यंग यांची २०१६ मधली ‘डिअर माय फ्रेंड्स’ ही सत्तरीच्या आसपासच्या मैत्रिणींची मालिका. त्यांतली जंग-आ आयुष्यभर कंजूष, हुकूम सोडणाऱ्या नवऱ्याचं करते. तिची मुलगी शिकल्यासवरल्या नवऱ्याचा मार खाते, हे तिला फार उशिरा कळतं. या वयात ती घर सोडते आणि वेगळं बिऱ्हाड करते. नवरा मारत नाही, दारू पीत नाही, मग सोडायचं कशाला, हा प्रश्न तिला सगळे विचारतात. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या उतारवयातल्या बायकांनाही हाच प्रश्न ऐकावा लागतो. ‘आता काय राहिलंय आयुष्य’ या वाक्याला जंग-आनं दिलेलं उत्तर असं की, जेवढं राहिलंय तेवढं माझं.

आता दुसरी बाजू. हे सगळं असूनही कोरियन मालिकांचा एक जुना रोग आहे, आणि त्याचं आजचं रूप जास्त मोहक आहे. २००९ ची ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’ आठवा. श्रीमंत मुलगा मुलीचं मनगट धरून तिला फरफटत नेतो आणि त्याला प्रेम म्हटलं जातं. हे मनगट धरणं इतकं सर्रास होतं की त्यावर पुढे तिथेच टीका झाली. २०१९ मधल्या ‘व्हेन द कमेलिया ब्लूम्स’मध्ये त्याला सरळ उत्तर आहे. एकटीनं मूल वाढवणारी दोंगबेक गावात छोटं खानावळवजा दारूचं दुकान चालवते. घरमालक तिचा हात धरतो तेव्हा ती शांतपणे पदार्थांचे दर सांगते आणि म्हणते की या किमतीत माझं मनगट आणि माझं हसू धरलेलं नाही. गावातल्या ज्या बायका तिच्याबद्दल कुजबुजत होत्या, त्याच पुढे तिच्यावर संकट आल्यावर आळीपाळीनं पहारा देतात.

म्हणजे मनगट सुटलं. पण त्याच्या जागी आता ‘चांगला पुरुष’ आला आहे. दोंगबेकच्या आयुष्यात तो पोलीस म्हणून येतो. याच लेखिकेच्या, लिम सांग-चुन यांच्या, २०२५ मधल्या ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’मध्ये तो ग्वान-शिक म्हणून येतो. ही मालिका जेजू बेटावरची, आणि तिचं मूळ नाव तिथल्या बोलीतलं. ‘फार कष्ट घेतलेत’ असा त्याचा अर्थ. नायिका ए-सुनची आई ‘हेन्यो’ आहे. प्राणवायूची नळकांडी न घेता समुद्राच्या तळाशी बुडी मारून कालवं, शिंपले काढणाऱ्या या बायका. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यांच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. या मालिकेनं त्या गौरवापलीकडची किंमत दाखवली. आई एकोणतिसाव्या वर्षी मरते. वर्गात जास्त मतं मिळूनही ए-सुनला मॉनिटर केलं जात नाही. वजनदार घरातल्या मुलाला ते पद मिळतं. लग्नानंतर सासरी पुरुषांची पंगत वेगळी आणि बायकांची वेगळी. आणि लहान मुलीनंही हेन्यो व्हावं म्हणून घरातली वडीलधारी बाई विधी मांडते, तेव्हा ए-सुन तो मांडलेला चौरंग उलथून टाकते.

पंगतीचा प्रसंग तुम्ही पाहिला असेल. ग्वान-शिक पुरुषांच्या टेबलाला पाठ करतो आणि वळून बायको-मुलीच्या पंगतीत जेवू लागतो. त्या प्रसंगावर आमच्या गटातल्या निम्म्याजणी रडल्या. मलाही तो आवडला. पण मी नंतर विचारलं की पंगत मोडली का? ती मोडली नाही. एक माणूस फिरून बसला. बाकीचे जेवत राहिले. ए-सुनच्या नशिबात असा नवरा आला म्हणून तिचं आयुष्य निभावलं, आणि ज्यांच्या नशिबात तो नाही त्यांनी काय करायचं, याचं उत्तर मालिकेकडे नाही. उलट ग्वान-शिक इतका निर्दोष आहे की त्याच्या प्रेमापुढे व्यवस्था धूसर होते. मालिका संपल्यावर मुलींच्या तोंडी ‘असा नवरा हवा’ हे वाक्य होतं. ‘अशी पंगत नको’ हे वाक्य फार थोड्या जणींच्या तोंडी होतं.

न्याय म्हणून हेही सांगते की त्याच मालिकेत ए-सुन पुढे मच्छीमार संस्थेची प्रमुख म्हणून निवडून येते आणि तिची मुलगी अपमानास्पद सोयरीक मोडते. हे धागे आहेत. पण चर्चेत उरतो तो ग्वान-शिक. प्रेक्षकांनी काय उचललं, याची जबाबदारी थोडी तरी लेखिकेची असतेच.

आणखी एक उणीव. शिकलेली कोरियन बाई कामावर जाते तेव्हा तिच्या घरचं काम कोण करतं? २०२४ मध्ये सोलमध्ये सरकारी योजनेखाली फिलिपिन्समधून १०० बायका घरकाम आणि बालसंगोपनासाठी आणल्या गेल्या. गावाकडच्या शेतकऱ्यांशी लग्न करून आलेल्या व्हिएतनामी बायका तर कितीतरी आधीपासून आहेत. मी पाहिलेल्या मालिकांत या बायका क्वचित दिसल्या, आणि त्यांची स्वतःची कहाणी तर दिसलीच नाही. हे बोट दाखवताना आपल्याकडच्या मोलकरणींचं चित्रणही आठवावं.

मग या लेखिका सगळं धैर्य एकेका नायिकेत आणि एकेका चांगल्या नवऱ्यात का ओततात? मला त्याचं एक कारण तिथल्या वातावरणात दिसतं. चो नाम-जू यांची २०१६ मधली ‘किम जी-यंग, जन्म १९८२’ ही कादंबरी अगदी साध्या बाईचं साधं आयुष्य सांगते. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि ती वाचली एवढ्या कारणावरून अभिनेत्री आणि गायिकांना शिव्या पडल्या. २०१९ मध्ये तिच्यावर चित्रपट आला तेव्हा तो प्रदर्शित होण्याआधीच त्याच्यावर हल्ला सुरू झाला. २०२२ मध्ये स्त्री-पुरुष समानतेचं मंत्रालयच बंद करू, असं आश्वासन देणारा उमेदवार राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. मंत्रालय बंद झालं नाही, पण ‘स्त्रीवादी’ हा शब्द तिथे शिवीसारखा वापरला गेला. अशा काळात वाहिनीवर लिहिणारी बाई ‘व्यवस्था’ म्हणत नाही. ती अंडं, पंगत, पाळणाघर आणि राजीनामा दाखवते. आणि शेवटी सर्वांना रुचेल असा पुरुष उभा करते. तिची ही कसरत मला समजते. पण समजणं म्हणजे पटणं नव्हे. २०२३ मध्ये तिथला जननदर दर बाईमागे ०.७२ इतका खाली आला. तरुण बायकांनी लग्न आणि मूल या दोन्हींकडे पाठ फिरवली आहे. त्यांना पडद्यावर ग्वान-शिक दिसतो, पण प्रत्यक्षात दिसतं ते पाळणाघर आणि राजीनामा, असंच याचं उत्तर नसेल ना?

मैत्रिणींनो, माझी सूचना साधी आहे. आपल्या मुली या मालिका बघतातच. नाकं मुरडून आपण त्यांच्यापासून दूर जाऊ. त्याऐवजी पुढच्या मासिक बैठकीत ‘अॅटर्नी वू’चा बारावा भाग किंवा ए-सुनच्या सासरच्या पंगतीचा प्रसंग एकत्र बघू या आणि तीन प्रश्न विचारू या. या बाईच्या अडचणीचं कारण मालिकेनं कुठे दाखवलं? ती सुटली ती कुणामुळे : एका माणसाच्या चांगुलपणामुळे, बायकांच्या एकीमुळे, की नियम बदलल्यामुळे? आणि हा चांगला माणूस गोष्टीतून काढून टाकला, तर त्या बाईकडे काय उरतं? घर तिच्या नावावर आहे का, पगार आहे का, मैत्रिणी आहेत का?

हेच प्रश्न मग आपल्या मराठी मालिकांना लावू, आणि नंतर आपापल्या घरांना. उत्तरं लिहून पाठवा. आपल्यात मतभेद झाले तर उत्तमच. पुढच्या अंकात त्यांनाही जागा देऊ.